भाकरी ठरलेली, कोरड्यास काय?

कामाच्या आठवड्यासाठी स्वस्तातला स्वयंपाक आधी ठरवणे आणि जमेल तेवढा आधीच उरकून ठेवणे, हा उद्योग नगर जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातल्या मिरजगाव परिसरात तीन मापांनी चालतो : वर्षाच्या, आठवड्याच्या आणि रात्रीच्या. वर्षाचे ऊन ठरवते, आठवड्याचे बाजार ठरवतो आणि रात्रीचे लाईट ठरवते. माणसांनी ठरवण्याजोगी एकच गोष्ट मागे उरते, ती म्हणजे आज कोरड्यास, म्हणजे भाकरीबरोबरचे कालवण, काय करायचे. तिच्यावर घरात दररोज चर्चा होते आणि बऱ्याचदा बेसन होते.

या पद्धतीचा पाया भाकरी. मिरजगाव नगर-सोलापूर रस्त्यावर, पर्जन्यछायेच्या पट्ट्यात येते. पाऊस इथवर पोचण्याआधी सह्याद्रीवर बहुतेक रिकामा होतो, आणि जो उरतो तो भाद्रपद-आश्विनात, परत जाताना आठवण झाल्यासारखा पडतो. त्या ओलीवर रब्बीची ज्वारी येते. 1930च्या दशकात शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात मोहोळला निवडलेला ‘मालदांडी 35-1’ हा तिचा नावाजलेला वाण. नंतर जास्त उताऱ्याचे कितीतरी वाण निघाले, पण भाकरीच्या परीक्षेत घरोघरच्या आज्यांनी त्यांना काठावरसुद्धा पास केलेले नाही. यातून नियोजनाला एक मोठा फायदा मिळतो. शहरातला नोकरदार रोज संध्याकाळी पोळी, भात, नूडल्स की बाहेरून मागवायचे अशा चौकात उभा असतो. इथे त्या चौकाचे तीन रस्ते हवामानानेच बंद केले आहेत. भाकरी आहे, हे गृहीत, पुढचे बोला. ठरवायच्या गोष्टी जितक्या कमी, तितका स्वयंपाक लवकर आणि स्वस्त, हे या शास्त्राचे पहिले तत्त्व.

मात्र भाकरी आधी करून ठेवण्याला मर्यादा आहेत. ज्वारीचे पीठ जुने झाले की त्याची विरी जाते. मग भाकरी थापताना कडेने चिरते आणि तव्यावर टाकताना तिचे दोन तालुके होतात. हिवाळ्यातले बाजरीचे पीठ त्याहून नाजूक. बाजरीत स्निग्धांश जास्त, त्यामुळे पीठ थोड्याच दिवसांत कडवट होते. म्हणून महिन्याचे दळण एकदम आणून मोकळे होता येत नाही. आठवड्याला डबा गिरणीत जातोच. डबा नेऊन ठेवणे हे घरातल्या शाळकरी मुलाचे काम असते. तो परत आणणे हे कुणाचेच काम नसते. गिरणीत गावातले निम्मे डबे आपापल्या मालकांची वाट पाहत उभे असतात आणि घरी तव्याखाली जाळ झालेला असतो.

वर्षाचे नियोजन ज्वारीची काढणी उरकली की, मार्च ते मे या काळात होते. कारण त्या वेळी ऊन फुकट आणि भरपूर मिळते, आणि फुकट मिळणारी वस्तू वाया घालवणे या भागाच्या स्वभावात नाही. कुरडया, पापड, शेवया, सांडगे हे सगळे याच उन्हाचे उत्पन्न. त्यातली कुरडई ही नियोजनाची पदवी परीक्षा. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचे, वाटून चीक काढायचा, तो निवळू द्यायचा, पहाटे चुलीवर घोटायचा आणि ऊन चटकायच्या आत सोऱ्यातून स्लॅबवर पसरलेल्या जुन्या साडीवर घालायचा. एका घरच्या कुरडयांना शेजारच्या तीन घरच्या बायका येतात, मग त्या तीन घरी या घरची जाते. कुणी कुणाला पैसे देत नाही आणि कोण किती वाजता आली, हे कुणी विसरतही नाही. कावळे आणि शेळ्या यांच्यापासून राखण करायला मुले बसवली जातात. मुलांना अर्धवट वाळलेली कुरडई फार आवडते, त्यामुळे राखणीत काही तूट येते. ही तूट परंपरेने कावळ्यांच्या खात्यावर टाकली जाते.

याच दिवसांत वर्षाचा काळा मसाला होतो. मिरच्या, धने, खोबरे आणि खडा मसाला भाजून कांडपावर नेला जातो. तिथे रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येक बाईला पुढचीचा मसाला किती मिरच्यांचा आहे हे शिंकेवरून कळते. जोडीला येसर असतो. धान्य आणि मसाला भाजून दळलेले हे पीठ उकळत्या पाण्यात सोडले की आमटी तयार. परदेशी कंपन्यांनी पाकिटातले झटपट सूप दुकानात आणण्याच्या फार पूर्वीपासून ते इथल्या डब्यांत होते. फक्त डब्यावर हसऱ्या कुटुंबाचे चित्र नव्हते. हिवाळ्यात हरभऱ्याचे शेंडे खुडून पाला वाळवून ठेवतात. खुडल्याने झाडाला फांद्या जास्त फुटतात आणि उन्हाळ्यात भाजी महागली की तोच पाला शिजतो. एकाच कामात पीक सुधारते आणि कालवणही फुकटात होते, असा सौदा काटकसरीच्या इतिहासात दुर्मीळ म्हटला पाहिजे.

या वार्षिक तयारीचा उपयोग कामाच्या आठवड्यात कळतो. दिवसभर कांद्याच्या वाफ्यात वाकून आलेल्या बाईला संध्याकाळी फक्त कांदा चिरायचा असतो. तेवढे तेल, तेवढा कांदा, चमचाभर काळा मसाला, पाणी. उरलेली मेहनत एप्रिलमध्येच झालेली असते. हिशेबाच्या दृष्टीने मात्र एक अडचण राहते. या चार-चार दिवसांच्या कष्टाची मजुरी कोणी धरत नाही. धरली, तर कुरडई काजूच्या भावात पडेल आणि तिला स्वस्त म्हणता येणार नाही. म्हणून ती न धरण्याची काळजी सर्व पक्षांकडून घेतली जाते.

आठवड्याचे नियोजन आठवडे बाजारापासून सुरू होऊन आठवडे बाजारापाशी संपते. बाजाराला जाण्याची वेळ हा यातला कळीचा प्रश्न. दुपारी गेले तर भाजी ताजी आणि भाव कडक. दिवे लागल्यावर गेले तर बाजार उठायला आलेला असतो, विकणाऱ्याला घरी जायची घाई असते आणि वाटे पडेल त्या भावात जातात. घरातला कर्ता पुरुष बहुधा दुसरी वेळ निवडतो. दहाला एक म्हणणारी मेथीची जुडी दहाला तीन झाली, की त्याच्यातला व्यापारी जागा होतो आणि तो पाच-सहा जुड्या घेऊन विजयी मुद्रेने घरी येतो. रात्री आठ वाजता ओट्यावर पडलेल्या या मेथीला सकाळपर्यंत थांबवण्याची सोय नसते. ती त्याच रात्री निवडावी लागते. विजय एकाचा आणि निवडणूक दुसऱ्याची, अशी ही विभागणी असते.

बाजारातून आलेल्या भाज्या कोणत्या क्रमाने संपवायच्या, हे त्यांच्या टिकण्यावर ठरते. पहिल्या दोन दिवसांत पालेभाज्या : मेथी, शेपू, कोथिंबीर. मग वांगी आणि गवार. मग दोडका, तोही घरात कोणी हरकत घेतली नाही तर. चौथ्या-पाचव्या दिवशी कोबी आणि बटाटा, ज्यांना वाट पाहायची सवय असते. त्यानंतर कडधान्यांचा अंमल सुरू होतो. मटकी आदल्या सकाळी भिजवून रात्री फडक्यात बांधली, की दुसऱ्या दिवशी तिला मोड येतात. स्वयंपाकघरातली ही एकच वस्तू दुर्लक्ष केल्याने सुधारते. हुलग्याच्या पिठाचे शेंगोळे ही या भागाची खासियत. पीठ मसाल्यात मळायचे, बोटांवर वळायचे आणि फोडणीच्या पाण्यात शिजू द्यायचे. भाजी नको, डाळ नको, पीठच रश्श्यात पोहते. बाजाराच्या आदल्या दिवशी टोपलीत दोन कांदे आणि एक सुकलेले आले उरते. त्या दिवशी बेसन. मिरजगावात नव्याने आलेल्या माणसाला आज कोणता वार आहे हे विसरायला झाले, तर दुपारी कोणत्याही घराजवळून जावे. फोडणीत हरभऱ्याचे पीठ पडल्याचा वास आला, तर उद्या बाजार आहे असे समजायला हरकत नाही.

रेशनचे धान्य या व्यवस्थेला बाहेरून आधार देते. 2013च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे प्राधान्य कुटुंबांना माणशी महिन्याला 5 किलो आणि अंत्योदय कुटुंबांना घरटी 35 किलो धान्य मिळते, आणि जानेवारी 2023पासून ते मोफत आहे. भाकरीवर वाढलेल्या घरात रेशनच्या तांदळाचे काय करावे, हा प्रश्न काही काळ होता. मग इडलीचे पीठ आले. आता शाळेच्या डब्यात इडली जाते. ती सांबाराशिवाय, शेंगदाण्याच्या चटणीबरोबर जाते, कारण सांबार दप्तरात सांडते.

रात्रीचे नियोजन हे सगळ्यांत कठीण. शेतीपंपांची वीज पाळीपाळीने मिळते : काही दिवस दिवसाची लाईट, काही दिवस रात्रीची. रात्रीची पाळी लागली की घरातला एकजण दारे धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, विहिरीवर जातो. त्याचे जेवण लवकर उरकायचे, की डबा बांधून द्यायचा, की तो पहाटे आल्यावर वाढायचे, यावर त्या आठवड्यातला सारा स्वयंपाक फिरतो. लाईट कधी येणार हे मोबाईलवर कळते. ती कधी जाणार हे रानात गेल्यावरच कळते. म्हणून भाकऱ्यांचा हिशेब रोज नव्याने मांडावा लागतो. सून काठवटीपुढे बसते आणि विचारते, “आत्या, किती टाकू?” सासू अंगणातून बोटे न मोजता सांगते, “टाक धा-बारा. उरल्या तर सकाळी व्हतील.” या उत्तरामागचे गणित असे : पाच खाणाऱ्यांच्या प्रत्येकी दीड, विहिरीवर जाणाऱ्याच्या डब्यात दोन, अवचित येणाऱ्याची एक, कुत्र्याची एक. उत्तर साडेअकरा येते, आणि अर्धी भाकरी कोणी थापत नाही.

उरलेली भाकरी हाच दुसऱ्या दिवशीचा आरंभ. सकाळी ती दुधात किंवा ताकात कुस्करली जाते, किंवा कांदा-मिरचीच्या फोडणीत तिचे तुकडे परतले जातात. शिजलेले पिष्ट गार झाले की त्यातला काही भाग सावकाश पचतो, असे आहारशास्त्र सांगते. घरातल्या म्हाताऱ्यांनी हे शास्त्र वाचलेले नाही. शिळी भाकरी खाल्ली की दुपारपर्यंत भूक लागत नाही, एवढेच त्यांचे म्हणणे. त्यातूनही उरले तर म्हैस आहे. म्हैस ते दुधात परत करते आणि दुधाला डेअरीत भाव मिळतो. अन्न वाया न घालवण्याची इतकी पुरी साखळी पुस्तकांत सहसा आढळत नाही.

शेतातल्या जेवणाचे स्वतंत्र नियम आहेत. ज्वारीची काढणी, कांद्याची लागण, खुरपणी अशा दिवसांत बायकांच्या टोळ्या सकाळीच टेम्पोत बसून निघतात. उक्ते काम असले तर सूर्य उगवण्याचीही वाट पाहिली जात नाही. डब्यासाठी कसोटी एकच : टेम्पो खड्ड्यात आपटला तरी सांडू नये. त्यामुळे रस्सा बाद होतो आणि शेंगदाण्याची चटणी, ठेचा, कोरडी मटकी, परतलेले बेसन यांना संधी मिळते. दुपारी लिंबाच्या सावलीत डबे उघडतात आणि दहाजणींची दहा कोरड्यासे मधोमध येतात. प्रत्येकीने एकच पदार्थ केलेला असतो आणि खाल्लेले असतात दहा. आठवडाभराच्या विविध आहारासाठी शहरात जो तक्ता फ्रिजवर चिकटवतात, तो इथे सावलीत आपोआप भरला जातो. या पद्धतीला एकच धोका असतो : बाजार उद्यावर आल्याने दहापैकी सात डब्यांत बेसन निघणे. अशा दिवशी लोणचे आणणारीला फार मान मिळतो.

घराबाहेरच्या स्वयंपाकाचे सर्वांत लांब मुदतीचे नियोजन ऊसतोडीला जाणाऱ्या घरांचे असते. कर्जत, जामखेड, पाथर्डी आणि शेजारच्या आष्टी भागातून दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेली जोडपी कारखान्यांवर निघतात. हंगाम मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. ट्रकमध्ये चढणाऱ्या सामानात ज्वारीची पोती, मसाल्याचा डबा, वाळवलेली भाजी, तवा आणि काठवट असते. पुढे पहाटेच तोडणीला जायचे असल्याने भाकऱ्या काळोखातच थापल्या जातात आणि फडात न्याहारीला तीच भाकरी असते. कारखाना साखर तयार करतो. ती ऊस तोडणाऱ्याच्या डब्यात क्वचितच पोचते. इथे विनोदाला फार जागा नाही.

1972च्या दुष्काळात तर हा भाग सगळाच एका मोठ्या सार्वजनिक स्वयंपाकाच्या नियोजनाखाली आला होता. रस्त्याच्या, तलावाच्या कामांवर माणसे गेली, सुकडी वाटली गेली, रेशनवर परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी मिळाली. त्या मिलोच्या भाकरीची चव सांगायला आजही गावोगावचे वृद्ध बसतात. तिचे नाव निघाले की घरातल्या कोणत्याही बेसनाविषयीची तक्रार मागे घेतली जाते.

नियोजनाचे खरे शत्रू तीन : पाहुणा, उपवास आणि लग्नसराई. पाहुणा बाजाराच्या आदल्या दिवशीच येतो, हा नियम अनुभवाने सिद्ध झालेला आहे. त्याला “नुसती चहा-भाकरी तरी खाऊन जा” असे म्हटले जाते आणि तो “नको, घाई आहे” म्हणून जोते सोडत नाही. मग घाईत कुरडया तळल्या जातात, शेवया शिजतात, आणि एप्रिलमधल्या उन्हाला ऑगस्टमध्ये फळ येते. उपवास हा वरवर पाहता काटकसरीचा मित्र वाटतो. प्रत्यक्षात साबुदाणा, भगर, शेंगदाणे, रताळी आणि तूप यांचा खर्च ज्वारीच्या भाकरीच्या कितीतरी पुढे जातो. एकादशीला दुप्पट खाल्ल्याचा हिशेब पोटात नव्हे, किराणा दुकानात दिसतो. लग्नसराईत घरी स्वयंपाकच नसतो. त्यामुळे घरची भाजी नासते आणि आहेराचा खर्च वेगळा.

पाहुण्यांचा सर्वांत मोठा जथा मात्र तिथीने ठरलेला येतो. त्र्यंबकेश्वरहून पंढरपूरला जाणारी संत निवृत्तिनाथांची पालखी नगर ओलांडून मिरजगाव मार्गे कर्जतकडे जाते, आणि नेमकी पेरणीच्या लगबगीत. या वाटेवरच्या गावांत दिंड्यांना जेवू घालण्याची, घरटी भाकऱ्या गोळा करण्याची रीत आहे. रोज बारा भाकऱ्यांच्या हिशेबात अडखळणारे घर त्या दिवशी पन्नास भाकऱ्या न मोजता देते. व्यवस्थापनाचे अभ्यासक पुरवठासाखळीची उदाहरणे शोधत असतील, तर त्यांनी ज्येष्ठात या रस्त्याला यावे. भाकरी घरोघरची, आमटी एका कढईतली आणि सभा एकही नाही.

गावाबाहेर राहणाऱ्यांसाठी एसटीचा डबा होता. 1 जून 1948 रोजी नगर आणि पुणे यांच्या दरम्यान पहिली एसटी धावली. घरचे डबे त्यामागोमागच चढले असावेत. नगरला शिकणाऱ्या मुलाचा डबा सकाळच्या गाडीला द्यायचा आणि मोकळा डबा संध्याकाळच्या गाडीला परत घ्यायचा. डब्यावर नाव, नावाखाली गाव. दशम्या, धपाटे, चटणी : जे प्रवासात टिकते ते. आता मुले मेसला जेवतात आणि फोनवर मेसच्या भाजीबद्दल जे बोलतात ते ऐकून आईला समाधान वाटते.

अलीकडे मोबाईलवर रविवारी सात दिवसांचे सात डबे भरून फ्रिजमध्ये रचणारे व्हिडिओ गावातही पाहिले जातात. सुनांना ते पटतात. सासवांचा आक्षेप शिळ्या अन्नाला नसतो. आक्षेप असतो फ्रिजमधल्या जागेला, कारण तिथे पाण्याच्या बाटल्या, दुधाचे पातेले आणि गुरांच्या औषधाची बाटली आधीपासून राहत असते. तरी तडजोड होते. लसूण सोलून ठेवला जातो, कांदा-खोबऱ्याचे वाटण चार दिवसांचे होते, कणीक रात्रीच मळली जाते. सात डब्यांचा तक्ता मात्र इथे टिकत नाही, कारण मंगळवारच्या डब्यातली भाजी मंगळवारी लाईट आली तर विहिरीवर जाते आणि बुधवारची पाहुण्याला वाढली जाते.

एकंदरीत पाहता मिरजगावची पद्धत चांगली चालते. तिला तक्ता लागत नाही, यंत्र लागत नाही आणि पैसा कमी लागतो. लागते ती एकच गोष्ट : मटकी कधी भिजवायची, पीठ किती उरले, कोणाचा डबा किती वाजता, हे सगळे डोक्यात ठेवणारी एक बाई. ती दिवसभर इतरांइतकेच काम रानात करते आणि हे डोक्यातले काम त्याशिवाय. स्वस्त जेवणाची किंमत तिने आधीच भरलेली असते, म्हणून ते स्वस्त दिसते. तिला गौरवपत्राची गरज नाही. बाजार उठताना स्वस्त मिळाली म्हणून मेथीच्या सहा जुड्या आणणाऱ्यांनी त्यांतल्या तीन तरी त्याच रात्री बसून निवडून द्याव्यात.